जुन्या नमद्यातलं गोल भोक

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी दोन मंगोलियन कलावंतांवर लेख लिहिला होता. नवरा-बायको आहेत, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. लेख बऱ्याच जणांना आवडला. संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळातल्या दोघा वाचकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यातली निखाऱ्याची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. ती गोष्ट अशी होती : मंगोलियाच्या गवताळ माळावर एका गोल तंबूत कुणा आजीच्या चुलीतून निखारा उडाला, खाली अंथरलेल्या लोकरीच्या नमद्याला भोक पडलं, आणि आज जर्मनीत तिची नात त्या भोकातून चंद्र घडवते आहे.

असा निखारा कधी उडालाच नव्हता. ते भोक मी पाडलं. सप्टेंबरातल्या एका सकाळी, झिंडेलफिंगेनच्या बाहेर एका शेतकऱ्याच्या कोठारात, लोखंडी पंच आणि हातोडी वापरून.

अंकाच्या संपादकांना हे कळवलं तेव्हा ते म्हणाले, दोन ओळींचा खुलासा पाठवा, छापू. दोन ओळी लिहून पाहिल्या. त्यात माझी चूक बसत होती, पण ती दोघं बसत नव्हती. म्हणून सगळंच लिहितो.

मी पुण्याहून इथे आलो तो गाड्यांच्या कारखान्यात, आणि निवृत्त होईपर्यंत एकच काम केलं : गाडीच्या आतला आवाज कमी करणं. दाराच्या पोटात, गालिच्याखाली, इंजिनासमोरच्या पत्र्याला काय चिकटवलं म्हणजे माणसाला आत बसून शांत वाटेल, हे शोधणं. फोम, रबर, डांबराचे पत्रे, आणि फिल्त्स, म्हणजे आपला नमदा. लोकर किंवा चिंध्यांचे धागे विणायचे नाहीत, दाबून, गुंतवून एकजीव करायचे. माझी समजूत होती की नमद्याबद्दल मला जे माहीत नाही ते माहीत करून घेण्यासारखं नाही.

ती दोघं राहायला आली आणि महिनाभरात जिन्यावर लोकर दिसू लागली. आमच्याकडे जिना झाडायची पाळी असते, केहरवोखे. पाळीची पाटी आपल्या दाराला लटकली की त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट, समोरचा फुटपाथ सगळं आपलं. पाटी आमच्या दाराला होती. बायको झाडू घेऊन आत आली आणि म्हणाली, "अहो, वरच्यांनी मेंढी पाळलीय का ते एकदा बघून या."

मी वर गेलो. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, बाह्या वर केलेल्या, हाताला साबणाचा वास. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, लोकर ना, माफ करा, आणि मला आत बसवून माझ्या हातात वाडगा दिला. चहा होता, दुधाचा, खारट. आपल्याला तो पहिल्यांदा चहा वाटतच नाही. दुसऱ्यांदा पातळ सूप वाटतो आणि तिसऱ्यांदा प्यायल्यावर त्याची आठवण यायला लागते. तिचा नवरा खिडकीशी जमिनीवर बसून कापडावर काहीतरी काढत होता. त्यानं मान हलवली आणि परत कामाला लागला. ती खाली येऊन सगळा जिना स्वतः झाडून गेली, तळघरापर्यंत. बायकोनं तिला आमटीचा डबा दिला. त्यानंतर डबे वर-खाली जायला लागले ते आजतागायत.

तिचं घर मेंढपाळांचं. भाऊ अजून तिकडे कळप राखतो, तंबूच्या छतावर सोलर पॅनेल आहे, आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर तो मागे उंट दाखवत बोलतो. नवरा मात्र राजधानीतल्या फ्लॅटमध्ये वाढलेला, घोडा बघायचा तो उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे. दोघांची भेट चित्रकलेच्या कॉलेजात झाली. पुढे शिकायला जर्मनीत आली आणि राहिली. मला वाटायचं, परदेशात राहून गावाकडची चित्रं काढणाऱ्या माणसांना गावाची हुरहूर लागलेली असते. या दोघांना तसं काही म्हटलं की ती हसायची. तिचं म्हणणं असं, की आमच्याकडे माणूस वर्षातून चारदा घर उचलतो. जर्मनी हा जरा लांबचा मुक्काम.

त्याची चित्रं आधी सांगतो, कारण लेखात मी त्याला चार ओळींत उरकलं होतं, आणि तेही बरोबर नव्हतं. तो सुती कापडावर दगडाच्या भुकटीचे रंग लावतो. कापडाचा जवळजवळ सगळा भाग आभाळ. अगदी खालच्या काठाला, मुंग्यांच्या रांगेसारखे, घोडे. पहिल्यांदा पाहताना वाटलं, एवढ्या मोठ्या कापडावर एवढंच? मग जवळ गेलो. त्या करंगळीच्या नखाएवढ्या घोड्यांत दोन घोडे सारखे नव्हते. एक लंगडत होता. एका घोडीनं मान मागे वळवली होती, आणि दूर मागे तिचं शिंगरू होतं. तो मला म्हणाला, मामा असेच मोजायचा, लांबून, चालीवरून. मी पुन्हा चार पावलं मागे आलो तेव्हा आभाळ रिकामं राहिलं नव्हतं. मामा जिथे उभा असेल तिथे मी उभा होतो. इतकी वर्षं मी म्युझियममध्ये जात आलोय, पण चित्र मला कुठे उभं करतं याकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं.

तिचं काम नमद्याचं. त्यासाठी त्यांनी गावाबाहेर एका शेतकऱ्याचं कोठार भाड्यानं घेतलं होतं. मी निवृत्त, मला वेळच वेळ. पहिल्या वसंतात मी तिथे जायला लागलो तो जवळजवळ रोजच.

आधी लोकर झोडपायची. तिकडे त्यासाठी विलोच्या छड्या असतात, ही दोघं जंगलातून हेझलच्या काठ्या आणायची. समोरासमोर बसून, एकाची काठी वर तेव्हा दुसऱ्याची खाली. लोकर इथलीच, आल्बच्या डोंगरावरच्या मेंढ्यांची. मेंढपाळांना ती कुणी घेत नाही म्हणून डोकेदुखी झालेली, ती हिला हौसेनं पोती भरून द्यायचे. मी विचारलं, तिकडची लोकर नको का? ती म्हणाली, लोकर कुठलीही चालते, आई तिथली लागते.

आई म्हणजे जुना नमदा. नवा नमदा कधीच नुसत्या जमिनीवर करत नाहीत. खाली जुना अंथरतात, त्याला आई म्हणतात. त्यावर लोकरीचे थर, त्यावर कोमट पाणी, मग आईसकट सगळं एका लाकडी दांड्यावर गुंडाळायचं, वरून चामडं बांधायचं आणि घोड्याला जुंपून माळावर ओढत न्यायचं. वळकटी गडगडत जाते आणि आत लोकर एकमेकीत शिरते. उलगडलं की आईवरून जी निघते ती मुलगी. आईच्या अंगावर जे असेल, सुरकुती, गाठ, झिजलेली जागा, ते मुलीच्या अंगावर थोडं उमटतं. आई फार झिजली की एखादी मुलगी आई होते. हिच्याजवळचा नमदा हिच्या आईच्या घरचा, करडा पडलेला, धुराचा आणि मेंढीचा वास असलेला. विमानातून येताना तिनं कपडे मागे ठेवले आणि तो आणला होता.

इथे चामड्याऐवजी ताडपत्री आणि माळावरच्या घोड्याऐवजी शेतकऱ्याची जाड पायांची घोडी. ओढायच्या आधी ती वळकटीवर बोटांनी दूध शिंपडायची, सुपरमार्केटच्या खोक्यातलं, आणि तोंडानं काहीतरी म्हणायची. शेतकरी टोपी काढून उभा राहायचा. कारण विचारलं तर म्हणाला, घोडी माझी आहे, तिच्यासाठी कुणी काही म्हणत असेल तर टोपी काढायला काय जातं. त्या शेतवाटेनं वळकटी गडगडत जाताना मी पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी मला माझ्या कारखान्यातले दाबयंत्रांचे रूळ आठवले. तेच काम. पण ते बघायला मी कधी थांबलो नव्हतो.

कोठारात तिनं काही मोठे नमदे टांगले होते. मध्ये उभं राहून मी सवयीनं टाळी वाजवली. टाळी परत आली नाही. अशी खोली करायला आम्ही भिंतींना फोमच्या सुळक्यांचं अस्तर लावायचो. हिनं ती मेंढ्यांच्या अंगावरून काढली होती. तिथे उभं राहिल्यावर स्वतःचा श्वास ऐकू यायचा आणि थोड्या वेळानं तोही येईनासा व्हायचा. निवृत्तीनंतर घरात मला शांतता नकोशी व्हायची. तिथली हवीशी वाटली.

आणि इथेच माझं डोकं फिरलं. मला आकडा हवा झाला.

आवाज किती शोषला जातो ते मोजायला एक नळी असते. तिच्यात पदार्थाची तळहाताएवढी गोल चकती बसवतात. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे ती नळी अजून होती, आणि चकत्या कापायचा पंच माझ्या तळघरात होता. कुठल्याही नव्या नमद्याचा तुकडा मागितला असता तर तिनं आनंदानं दिला असता. पण मला तो जुनाच हवा होता, इतकी वर्षं दाबला गेलेला. तसला नमुना कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार? आणि मागितला असता तर ती नाही म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं. न समजता केलं असं मी म्हणू शकत नाही. आई म्हणजे काय ते तिनं मला सांगितलं होतं आणि मी नीट ऐकलं होतं.

त्या सकाळी ती दोघं घोडी आणायला गेली होती. पाणी कोमट ठेवायला मला शेगडीशी बसवलं होतं, किल्ली माझ्या हातात. मी लाकूड सारलं, मग आईची एक बाजू उलटी केली, खाली फळी ठेवली, पंच टेकवला आणि हातोडी मारली. एकाच घावात चकती निघाली. कडा इतकी स्वच्छ होती की पाहूनच मला घाम फुटला. भोक बुजावं म्हणून मी बोटांनी धागे ओढू लागलो. माझे हात शेगडीच्या काजळीनं माखलेले होते हे नंतर लक्षात आलं. कडा पिंजारली आणि काळी झाली. चकती कोटाच्या खिशात टाकली, भोकावर लोकर पसरली, तेवढ्यात घोडीच्या टापा ऐकू आल्या.

संध्याकाळी वळकटी उलगडली. पांढऱ्या नमद्यावर, वरच्या बाजूला, एक गोल उंचवटा आला होता, कडेनं काळसर. भोकात लोकर उतरून दाट झाली होती. तिनं तो हातानं चाचपला, मग आईला उलटंपालटं केलं आणि भोक सापडलं. नवऱ्यानं वाकून पाहिलं, काळी कडा बोटानं पुसली, शेगडीकडे पाहिलं. म्हणाला, सकाळी मी पेटवली होती. तिचं दार उघडं राहिलं असेल.

मी तिथेच होतो, पाण्याची बादली धरून. त्या वेळी चार शब्द पुरले असते.

पुढचे काही दिवस ती कोठारात गेली नाही. मग गेली, आणि त्या उंचवट्याला न दडवता तिनं त्यालाच धरून काम केलं. वर पांढरा विस्तार, त्यात तो एकच गोल, आणि खाली काठाला काळ्या लोकरीचे बारीक ठिपके, कळपासारखे बसलेले. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिच्या भावाचा अर्धा कळप बर्फात मेला होता. गवतावर बर्फाचा थर गोठला की जनावरं उभ्याउभ्या उपाशी मरतात. ती म्हणाली, अशा रात्री तंबूत झोपल्यावर छताच्या गोल झरोक्यातून चंद्र दिसतो, आणि बाहेर काय चाललंय ते नुसतं ऐकू येतं. त्या नमद्यासमोर उभं राहिलं की तिनं सांगितलेलं सगळं दिसायचं. माझ्या वाईट कामातून तिनं हे केलं. त्याचं श्रेय मला जात नाही. दुसऱ्या कुणी असं भोक ठिगळ लावून बुजवलं असतं.

ऑक्टोबरात कोलोनहून एक बाई आल्या, प्रदर्शनं भरवणाऱ्या. तोवर तशाच गोलाचा दुसरा नमदाही झाला होता. त्या दोन्हींसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, असा अजून एक करा, तिन्ही एकत्र लावू, सोबत यांची आभाळं. मग आईकडे वळून विचारलं, हे भोक कशाचं? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खाली बघत होता. मध्ये मी बोललो. माझं जर्मन त्या दोघांपेक्षा जुनं, त्यामुळे बाहेरच्यांशी बोलायचं काम माझ्याकडे आपोआप आलं होतं. मी म्हणालो, निखाऱ्याचं आहे, जुनं, तिच्या आजीच्या चुलीचं असावं. बाईंनी "आख, जा", म्हणजे अस्सं होय, म्हणून लगेच टिपून घेतलं.

त्या गेल्यावर हिनं माझ्यासाठी चहा केला, वाडगा दोन्ही हातांनी पुढे धरला आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याला तुम्ही त्यांच्यासमोर उघडं पडू दिलं नाहीत. विसरणार नाही."

मी तो चहा प्यायलो. त्याच आठवड्यात बसून दिवाळी अंकाचा लेख लिहिला. खोटं एकदा बोललं की ते नीट मांडावंसं वाटतं. चूल, आजी, उडणारा निखारा, सगळं मी फार चांगलं लिहिलं.

मग हिवाळा आला. नवऱ्यानं कोठारातली शेगडी पेटवायचीच नाही असं ठरवलं होतं. पाणी तापवायला विजेची किटली आणली. हिनं कधी नको म्हटलं नाही, आणि पेटव असंही म्हटलं नाही. तो जाड जॅकेट घालून आभाळं रंगवायचा. मधून मधून ब्रश दातांत धरून हात काखेत घालायचा. घोडे काढायला बोटं वळेनात म्हणून त्या हिवाळ्यात त्यानं नुसतीच आभाळं केली. मी शेजारी बसायचो, हातमोजे घालून. एकदा मी म्हटलं, पेटवू या थोडी. तो म्हणाला, आई एकच आहे, आणि पुन्हा कापडाकडे वळला. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायची. पूर्वी काठ्या झोडपताना काहीतरी गुणगुणायची, ते थांबलं होतं.

चकती माझ्या टेबलाच्या खणात होती. सहकाऱ्यानं ती नळीत घालून आकडे दिले होते. खालच्या पट्टीतले आवाज शोषण्यात ती आमच्या फोमपेक्षा सरस होती, वरच्या पट्टीतल्यांत जरा कमी. ते वाचून मला काहीही वाटलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी जेवायला बसलो तर आमटीचं पातेलं कशावर तरी ठेवलेलं दिसलं. बघतो तर ती चकती.

"हे कुठून आणलंस?"

"तुमच्या खणातून. सेलोटेप शोधत होते. चांगलं आहे, टेबल तापत नाही. काय आहे ते?"

मी पातेलं उचललं. चकतीवर आमटी सांडून पिवळा डाग पडला होता. मला जेवण जाईना. बायकोनं दोनदा विचारलं आणि मी सांगून टाकलं, पंचापासून लेखापर्यंत. माझं झाल्यावर तिनं ताट बाजूला सारलं.

"आणि तो माणूस थंडीत बसतोय ते तुम्ही रोज बघून येता?"

"हो."

"रोज येऊन मला सांगता, आज फार गारठा होता म्हणून."

तिनं चकती पुसून माझ्यासमोर ठेवली.

"आत्ता वर जा. नाहीतर मी जाते. आणि मी गेले तर नीट सांगणार नाही, सांगून ठेवते."

ती दोघं कोठारात होती. मी बसनं गेलो. चकती टिशूपेपरात गुंडाळलेली. आत गेलो आणि उघडून तिच्यासमोर धरली. सांगायला एक मिनिटही लागलं नसेल. तिनं चकती घेतली, उलटी केली, नाकाशी नेली.

"हा वास कसला?"

"हळदीचा. आमटी सांडली."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. विचारलं, "त्यानं शेगडी बंद केली तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

"होतो."

ती नवऱ्याकडे वळून त्यांच्या भाषेत हळू काहीतरी म्हणाली. त्यानं ब्रश खाली ठेवला. चकती हातात घेऊन डोळ्यासमोर धरली, मग तिला परत दिली, कोपऱ्यातली लाकडं उचलली आणि शेगडीपाशी उकिडवा बसला. ओलसर लाकडं पेट घेईनात. तो फुंकत राहिला. ती जाऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तीही फुंकायला लागली. माझ्याकडे पाठ करून दोघं कितीतरी वेळ तशी बसली होती. मला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. मी उभा राहिलो.

शेवटी जाळ धरल्यावर ती उठली. तिच्या डोळ्यांत धुराचं पाणी होतं की दुसरं कसलं, मला सांगता येत नाही.

"तुम्ही कापलंत," ती म्हणाली. "तुम्हीच शिवा."

मला शिवता येत नाही, असं मी म्हणालो.

"गेनाऊ, बरोबर. म्हणूनच."

उंटाच्या लोकरीचा दोरा, दाभणाएवढी सुई. बायकोनं तिचं अंगुस्तान दिलं, वर ऐकवलं, की बटण लावायला कधी उठला नाहीत, आता शिका. चकती गरम पातेल्याखाली आणि नळीत दाबून जराशी आटली होती, भोकात सैल पडायची. आयुष्यभर मी दारांच्या फटी बुजवल्या आणि ही मला बुजवता येईना. पहिला फेरा ती शेजारी बसून बघत होती आणि पूर्ण झाल्यावर तिनं तो शांतपणे उसवला. म्हणाली, वर वर शिवताय. दोरा आतून आतून गेला पाहिजे, नाहीतर घोडी ओढेल तेव्हा सुटेल. दुसऱ्या फेऱ्याला अंगुस्तान घालूनही बोटं फुटली. टाके वाकडेच आले, पण टिकतील एवढे घट्ट आले. त्या दिवसांत ती माझ्याशी फारसं बोलत नव्हती. चहा मात्र द्यायची, एका हातानं.

एकदा टाका ओढताना ती म्हणाली, "तुमच्या भाषेत तुम्ही जे लिहिलंत ते किती लोकांनी वाचलं?"

बरेच, मी म्हणालो.

"तेही उसवा."

कोलोनच्या बाईंना तिनं स्वतः फोन केला. निखारा खोटा, भोक शेजाऱ्यानं पाडलं, आता ते शिवलंय, तिसऱ्यात तसा गोल येणार नाही. हवा असेल तर घ्या. मी ऐकत होतो. पलीकडून लांबलचक "आल्झो", म्हणजे आपलं 'तर मग', ऐकू आलं आणि मग बाई म्हणाल्या, की ही गोष्ट तर जास्तच छान आहे. मला ते बरं वाटलं नाही. हिलाही वाटलं नसावं, कारण फोन ठेवून ती म्हणाली, छान नाहीये, खरी आहे एवढंच.

मे महिन्यात तिसरी वळकटी बांधली. दूध शिंपडायला तिनं मला पुढे केलं नाही, आणि मी अपेक्षाही केली नव्हती. मी शेतकऱ्याशेजारी टोपी काढून उभा राहिलो. संध्याकाळी उलगडलं तेव्हा चंद्र नव्हता. त्या जागी एक पुसट, वाकडंतिकडं कडं होतं, माझ्या टाक्यांचं, आणि त्याच्या आत अगदी फिकट पिवळी झाक. पाण्यात हळद थोडी सुटली होती. तिनं हात फिरवला. मग काळ्या लोकरीच्या पोत्याकडे गेली आणि या वेळी ठिपके बसलेले न ठेवता चालायला लावले, त्या कड्याच्या दिशेनं. त्याच्या घोड्यांसारखीच प्रत्येकाची चाल वेगळी. तो बघत होता. काठ्या झोडपतानाचं त्यांचं गुणगुणणं मी किती महिन्यांनी ऐकलं.

आता कोलोनमध्ये ते तिन्ही नमदे एका मोठ्या खोलीत टांगले आहेत, आणि समोरच्या भिंतीवर त्याची आभाळं. हिवाळ्यातली ती आभाळं बिनघोड्यांची आहेत. लोक त्यांच्यासमोर थांबतात आणि मग मागे वळून नमद्यांकडे जातात, चालणाऱ्या ठिपक्यांपाशी. जणू त्या आभाळांतून हरवलेले घोडे इथे निघाले आहेत. ही मांडणी त्या दोघांनी केली, आणि मी पाहिलेल्या कामांत मला ती सगळ्यांत मोठी वाटते. भिंतीवरच्या मजकुरात तिनं दोन वाक्यं स्वतः लिहून दिली आहेत : आईच्या नमद्याला एका शेजाऱ्यानं भोक पाडलं. मग त्यानंच ते शिवलं. माझं नाव नाही. उद्घाटनाला एका गृहस्थांनी विचारलं, हा पिवळा कुठल्या वनस्पतीचा रंग? नवरा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आमटी." ते गृहस्थ मोबाइलवर शोधत राहिले. माझी बायको खांब धरून हसत होती.

मी अजून कोठारात जातो. शेगडी पेटलेली असते. चहा परत दोन्ही हातांनी मिळायला लागला, पण किल्ली माझ्याकडे देत नाहीत, आणि मी मागत नाही. दारात पोहोचलो की तो ब्रश खाली ठेवून माझ्या कोटाकडे बोट दाखवतो. मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवतो. मग तो बाजूला सरकून शेगडीजवळची जागा देतो आणि आम्ही कामाला लागतो, म्हणजे ती दोघं काम करतात आणि मी बघतो.